भुताच्या पिक्चरचा ट्रेलर कट करण्याआधी प्रेक्षकाला काय विचारायचं आणि काय नुसतं बघायचं

पुण्यातल्या एका कॉलेजच्या कट्ट्यावर सात-आठ मुलं चहा पीत बसली होती. एका छोट्या मराठी भयपटाच्या ट्रेलरसाठी माहिती गोळा करायला मी बाहेर पडलो होतो. त्यांच्यात जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" सगळे हसले. "आपल्याला नाय वाटत कशाची." भुतांचे पिक्चर बघताना झोप येते, असं एकानं सांगितलं. वहीत काही न लिहिता मी उठलो. त्यातलाच एक मुलगा पार्किंगपर्यंत माझ्याबरोबर आला आणि आसपास कोणी नाही बघून म्हणाला, "गावी आमचं न्हाणीघर परसात आहे. रात्री जायचं तर मी अजून आईला उठवतो. ती पायरीवर उभी राहून बोलत असते, तोवर ठीक असतं. मध्येच बोलायची थांबली की..."

वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही. बोलता बोलता थांबलेली ती आई पुढे आमच्या ट्रेलरचा कणा झाली. कट्ट्यावर मात्र ती मला कधीच सापडली नसती, कारण प्रश्न चुकीचा होता आणि तो चारचौघांत विचारला होता.

भयपटाच्या ट्रेलरसाठी प्रेक्षकांचा अंदाज घेणं बाकी सिनेमांपेक्षा अवघड जातं ते इथेच. विनोदी सिनेमा आवडतो की नाही हे माणूस मोकळेपणानं सांगतो. भीतीबद्दल तो खोटं बोलतो, किंवा त्याचं त्यालाच माहीत नसतं. त्यामुळे मत कमी विचारायचं, आणि माणूस काय करतो, काय करून आला, त्याला काय आठवतं हे जास्त बघायचं. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. दोन-तीन माणसांची टीम असेल आणि हातात तीन आठवडे असतील, तर हे काम प्रवास आणि चहापाण्याच्या खर्चात होतं.

आधी स्वतःच्या सिनेमाचं एक पान

लोकांकडे जाण्याआधी दिग्दर्शक, लेखक आणि एडिटर यांनी एकत्र बसून एक पान लिहायचं. आपल्या सिनेमात भीती नेमकी कशाची आहे? ओळखीच्या माणसाचं अनोळखी होणं, जागेत अडकणं, शरीराची चिरफाड, पाप परत येणं, की अंधारात काहीतरी असणं? त्यातलं किती आपण चांगलं शूट केलंय आणि कुठे आपलं बजेट उघडं पडतं? दचकवणारे प्रसंग किती आणि नुसता ताण वाढवणारे किती? हे खरं लिहायचं. हे पान बाहेर कोणाला दाखवायचं नसतं.

पान आधी लिहायचं कारण असं की लोकांना काय हवं हे कळल्यावर मोह होतो. सिनेमा संथ, घुसमटवणारा असतो आणि मुलाखतींमध्ये दहा जण सांगतात की आम्हाला दचकायला आवडतं. मग सिनेमातले चारही दचके ट्रेलरमध्ये जातात. पहिल्या दिवशी आलेला प्रेक्षक ते चार दचके बघून झाल्यावर दीड तास पाचव्याची वाट बघतो आणि बाहेर पडून मित्रांना फोन करतो. आपल्या सिनेमातली कोणती खरी गोष्ट कोणत्या माणसाला ओढते, हे शोधण्यासाठी ही सगळी धडपड आहे. सिनेमात नसलेली गोष्ट लोकांना आवडते असं कळलं, तर तिचा ट्रेलरला काही उपयोग नाही.

कोणाला विचारायचं

आपले मित्र आणि सिनेमाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे लोक पहिल्यांदा बाजूला ठेवायचे. ते आपल्यावर प्रेम करतात किंवा आपल्याशी स्पर्धा करतात. दोन्ही इथे कामाचं नाही.

मी माणसांचे चार गट करतो. पहिला चवीनं घाबरणाऱ्यांचा: कोरियन, इंडोनेशियन, जे मिळेल ते बघणारे. दुसरा ओढून नेलेल्यांचा: मित्र जातात म्हणून जाणारे आणि अर्धा वेळ बोटांच्या फटीतून बघणारे. तिसरा घरी बसून बघणाऱ्यांचा. हे लोक भयपट बघतात, पण दिवसा, आवाज कमी करून, मोबाईलवर. चौथा गट 'नको रे बाबा' म्हणणाऱ्यांचा.

बहुतेक जण पहिल्या गटाशी बोलतात आणि थांबतात. माझ्या मते सगळ्यात मोलाचा गट चौथा. भयपटाला एकटा माणूस क्वचित जातो; चार-पाच जण मिळून जातात. त्या चार-पाचांत एक जण असा असतो की ज्याच्या एका 'नको'मुळे बेत बदलतो आणि सगळे दुसऱ्या सिनेमाला जातात. चवीनं घाबरणारा तुमच्या सिनेमाला येणारच आहे. या 'नको'वाल्याला काय खटकतं आणि काय असेल तर तो तयार होईल, हे कळलं तर एका माणसामागे चार तिकिटं खपतात.

प्रत्येक गटातून पाच-सहा जण पुरतात, म्हणजे एकूण वीस-पंचवीस. पाचवा माणूस तेच सांगायला लागला की त्या गटापुरतं थांबायचं. सगळे एका शहरातले मात्र नकोत. सिनेमा तळकोकणातला असेल तर कुडाळ-सावंतवाडीकडचे काही, मुंबईत राहणारे चाकरमानी काही, आणि कोकण फक्त सहलीपुरतं बघितलेले नागपूर-लातूरकडचे काही हवेत. एकाच घराचा शॉट या तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगतो.

अठरा वर्षांखालच्या मुलांशी आईवडिलांच्या परवानगीशिवाय बोलू नका. नुकतंच घरात कोणी गेलं असेल, तर त्या माणसाला या विषयात ओढू नका.

आधीच पडून असलेली माहिती

मुलाखतींआधी चार दिवस बैठकीचं काम करायचं. आपल्या सिनेमाच्या जातकुळीतले दहा-बारा ट्रेलर निवडायचे: चार मराठी, चार हिंदी, बाकी मल्याळम, तमिळ किंवा परदेशी. यूट्यूबवर भरपूर बघितल्या गेलेल्या व्हिडिओवर माउस नेला, की खालच्या पट्टीवर एक उंचसखल रेघ दिसते. लोकांनी कोणता भाग पुन्हा पुन्हा बघितला हे ती दाखवते. जिथे उंचवटा असेल ती वेळ वहीत लिहायची. पण उंचवट्याचा अर्थ लगेच काढायचा नाही. कधी लोक घाबरले म्हणून मागे जातात, कधी खिडकीत खरंच कोणी होतं का हे तपासायला जातात, तर कधी नटी ओळखीची वाटली म्हणून. खालच्या कमेंटमध्ये लोक वेळ लिहितात, '१:१२ ला आरशात बघा' असं. रेघ आणि कमेंट जुळल्या की कारण कळतं.

कमेंट वाचताना एक सापळा आहे. सिनेमा प्रदर्शित झाल्यावर पडलेल्या कमेंट सिनेमाबद्दल असतात, ट्रेलरबद्दल नसतात. 'तुंबाड' या हिंदी भयपटाचंच बघा. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो आला आणि १३ सप्टेंबर २०२४ ला थिएटरात पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत त्याच्या भोवती एक भक्तमंडळ तयार झालं. आज त्याच्या ट्रेलरखालचं कौतुक वाचून 'असा ट्रेलर लोकांना आवडतो' म्हणणं चुकीचं, कारण तो ट्रेलर पहिल्यांदा बघणाऱ्याला काय वाटलं हे त्या कौतुकात नाही. यूट्यूब जुन्या कमेंटची नेमकी तारीखही दाखवत नाही, नुसतं 'सहा वर्षांपूर्वी' म्हणतं. म्हणून निदान तीन-चार ट्रेलर असे घ्या की ज्यांचा सिनेमा अजून यायचा आहे, आणि त्यांच्याखालच्या कमेंट पहिल्या आठवड्यातच वाचून ठेवा.

एका ट्रेलरच्या शंभरेक कमेंट घ्यायच्या आणि तक्त्यात भरायच्या. रकाने मी असे करतो: कशाबद्दल आहे (चेहरा, आवाज, जागा, कथा, कलाकार, भाषा), सूर काय आहे, कोणाला टॅग केलंय, आणि तुलना कशाशी केलीय. टॅगचा रकाना विसरू नका. 'ए, हा बघायला जाऊया' आणि 'हा बघ, आता झोपून दाखव' या दोन कमेंट दोन वेगळ्या नात्यांमधून येतात. पहिलीत तिकिटाचा बेत आहे, दुसरीत नुसती चेष्टा. ज्या ट्रेलरखाली पहिल्या जातीच्या कमेंट जास्त दिसतात, तो पुन्हा पुन्हा बघा.

गूगल ट्रेंड्सचा उपयोग थोडा आहे, पण आहे. तिथले ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नसतात. त्या काळातला सगळ्यात उंच बिंदू १०० धरून बाकीचे त्याच्या तुलनेत असतात. महाराष्ट्र निवडा, प्रकारात यूट्यूब सर्च निवडा आणि शब्द ताडून बघा. 'भयपट' हा शब्द वर्तमानपत्रात चालतो. माणूस शोधताना 'हॉरर मूवी' किंवा 'भुताचा पिक्चर' लिहितो, आणि तेही पुष्कळदा रोमन लिपीत. ट्रेलरचं शीर्षक आणि त्याखालचं वर्णन कोणत्या शब्दांत लिहायचं हे इथे ठरतं.

मुलाखत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माणूस एकटा हवा. त्याच्या ओळखीच्या जागेत, शक्यतो संध्याकाळनंतर, आणि सुरुवातीला सिनेमाचं नावही काढू नका. पस्तीस-चाळीस मिनिटं पुरतात. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि नको म्हटलं तर हातानं लिहा.

'तुम्हाला कशाची भीती वाटते', 'कसला भयपट आवडेल', 'भूत दाखवावं की दाखवू नये' हे प्रश्न टाळा. या तिन्हींना माणूस विचार करून शहाण्यासारखं उत्तर देतो. भूत दाखवू नये, सूचक असावं, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. तोच माणूस ट्रेलर बघताना भूत कधी दिसतंय याची वाट बघतो.

त्याऐवजी घडून गेलेलं विचारा.

"शेवटचा भुताचा पिक्चर कुठे बघितलात? बरोबर कोण होतं? जायचं कोणी ठरवलं? नको कोण म्हणालं होतं?"

"त्या रात्री घरी गेल्यावर काय केलंत?" हा माझा आवडता प्रश्न. लाईट चालू ठेवून झोपलो, बायकोला पाणी आणायला पाठवलं, बाथरूमच्या आरशात बघितलं नाही. कोणती भीती थिएटरातून घरी आली हे यातून निघतं.

"एखादा पिक्चर मध्येच बंद केलात का? कुठल्या क्षणी?" इथे नापसंतीची रेघ सापडते. रक्तापेक्षा लहान मुलाला त्रास होताना बघून, किंवा कुत्र्याला मारताना बघून बंद करणारे मला जास्त भेटले. आपल्या सिनेमात तसा प्रसंग असला, तर तो ट्रेलरमध्ये घ्यायचा का याचा दहा वेळा विचार करा.

"लहानपणी घरात कोणती गोष्ट सांगून गप्प करायचे?" इथे माणूस खुलतो. बागुलबुवापासून सुरू होऊन बोलणं गावच्या विहिरीपर्यंत जातं. मग मध्ये बोलू नका. तो हात कसे करतो, आवाज कुठे खाली आणतो, कुठे थांबतो ते बघा. गोष्ट सांगणाऱ्याची लय ही भीतीची स्थानिक लय असते, आणि एडिटरला ती ऐकवली तर कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवते.

"ट्रेलर बघून गेलात आणि फसवलं असं वाटलं, असं कधी झालं?" हा प्रश्न शेवटी. याची उत्तरं कडवट असतात आणि ती शब्दशः लिहून घ्यायची.

किती भीती हवी हा वेगळा प्रश्न आहे आणि तो थेट विचारून कळत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी एका भूतबंगल्याच्या खेळात आलेल्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांना किती मजा आली हेही विचारलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की भीती फार कमी असली तरी मजा कमी आणि फार जास्त असली तरी कमी. मधल्या एका पट्ट्यात ती सगळ्यात जास्त. तो पट्टा माणसागणिक बदलतो. म्हणून मुलाखतीत मी माणसानं बघितलेले तीन-चार सिनेमे घेतो आणि 'यापेक्षा कमी चालेल की जास्त' असं विचारत जातो. तुलनेला हातात वस्तू असली की माणूस नेमकं बोलतो.

गावागावचं भूत

मराठी भयपटाला हा टप्पा चुकवता येत नाही. आपल्याकडे भुतांना जाती आहेत, पत्ते आहेत आणि स्वभाव आहेत. मुंजा पिंपळावरचा, चकवा वाट चुकवणारा, हाकामारी ओळखीच्या आवाजात हाक मारणारी, समंध आपल्या ठेव्याला चिकटून राहणारा. प्रेक्षकाला नियम ठाऊक असतो आणि ट्रेलरमध्ये तो मोडलेला दिसला तर तो लगेच पकडतो.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे जे बाहेरच्याला भूत वाटतं ते आतल्याला देव असू शकतं. तळकोकणात आणि गोव्यात राखणदार, देवचार हे गावाच्या सीमेचे रक्षक मानले जातात. रात्री वाट चुकलेल्याला घरी आणून सोडणारे, अशा त्यांच्या गोष्टी लोक आदरानं सांगतात. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, कारण तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. आता अशा राखणदाराची कंबल पांघरलेली, हातात काठी घेतलेली आकृती ट्रेलरमध्ये किंचाळत्या संगीतावर दाखवली तर लातूरचा प्रेक्षक दचकेल आणि सावंतवाडीचा दुखावेल. तीच आकृती शांतपणे उभी दाखवली तर सावंतवाडीच्या माणसाच्या अंगावर काटा येईल, कारण ती कोण आहे हे त्याला कळलेलं असेल. हे फक्त तिथल्या माणसांना स्थिरचित्रं दाखवूनच समजतं. मोबाईलवर सिनेमातल्या दहा फ्रेम घ्या, गावातल्या पन्नाशीच्या पुढच्या दोन-तीन माणसांना दाखवा, आणि 'हे काय आहे' एवढंच विचारा.

शब्दांचंही तसंच. 'मुंजा' म्हटल्यावर आजीच्या डोळ्यांसमोर जे येतं आणि २०२४ चा हिंदी विनोदी भयपट 'मुंज्या' बघितलेल्या कॉलेजच्या मुलाच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यात हसण्याएवढं अंतर आहे. तो शब्द ट्रेलरमध्ये उच्चारायचा असेल तर तुमचा गंभीर सिनेमा लोक विनोदी समजणार नाहीत ना, हे आधी तपासा.

बोलीचा प्रश्न मला सोपा वाटतो. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेनं मालवणी वळणाचं बोलणं २०१६ पासून घराघरांत नेलं, त्यामुळे विदर्भातल्या प्रेक्षकालाही ते ओळखीचं झालंय. ट्रेलरमध्ये बोली ठेवा, फक्त ती तिथल्या माणसाकडून तपासून घ्या.

फॉर्म, पण छोटा

मुलाखतींमधून जे निघालं ते आणखी शे-दीडशे लोकांमध्ये कितपत टिकतं, एवढंच बघायला गूगल फॉर्म वापरा. आठ प्रश्नांच्या वर जाऊ नका. मराठीत, बोलीभाषेत लिहा. 'आपणास कोणत्या प्रकारचे भयपट पाहणे आवडते' असं लिहिलंत की माणूस परीक्षेला बसल्यासारखा उत्तर देतो. नाव आणि नंबर मागू नका. निनावी असला तर भित्रा माणूसही खरं लिहितो. एका प्रश्नात सहा ओळींचे सहा प्रसंग द्या आणि 'यातला कोणता वाचून पुढे काय झालं ते कळायलाच हवं असं वाटलं' असं विचारा. हा प्रश्न बाकी सातांएवढा कामाचा आहे.

कच्चे कट दाखवणं

आता दोन कच्चे ट्रेलर बनवा. रंग नको, संगीत तात्पुरतं चालेल. दोघांत एकच मोठा फरक ठेवा. आमच्या पहिल्या कटमध्ये शेवटी भुताचा चेहरा येत होता. दुसऱ्यात परसातल्या अंधारात मुलगा, पायरीवरून येणारा आईचा आवाज, आणि तो आवाज मध्येच बंद. बाकी नव्वद सेकंद दोन्हीकडे तेच. दोन-तीन फरक एकदम केलेत तर कशामुळे काय झालं हे कळणार नाही.

एका माणसाला एकच कट दाखवायचा. दोन्ही दाखवून 'कोणता आवडला' विचारलं की तो परीक्षक होतो, प्रेक्षक राहत नाही. चारही गटांतले अर्धे पहिल्या कटला, अर्धे दुसऱ्याला. आणि मुलाखत दिलेले लोक इथे घेऊ नका. त्यांना आता विषय माहीत आहे.

दाखवताना स्क्रीनकडे बघू नका. थोडं बाजूला बसा आणि माणसाकडे बघा. श्वास कधी अडकतो, हात तोंडाकडे कधी जातो, मोबाईलची वेळ कधी बघतो, कुठे हसतो. हसण्याचे दोन प्रकार असतात. दचकल्यानंतर सुटकेचं हसू येतं, ते चांगलं. दचक्याआधीच आलेलं हसू म्हणजे त्याला पुढचं कळलं, आणि तो शॉट वाया गेला. चेहरा शूट करायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. हृदयाचा त्रास आहे का हे सुरुवातीलाच विचारा.

प्रेक्षकाच्या चेहऱ्याची ताकद 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' या अमेरिकी भयपटानं २००९ मध्ये दाखवली. सुमारे १५ हजार डॉलरमध्ये दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात बनलेल्या त्या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये थिएटरच्या अंधारात किंचाळणारे प्रेक्षक दाखवले होते. त्याबरोबरच लोकांना ऑनलाइन मागणी नोंदवायला सांगितलं: हा सिनेमा तुमच्या शहरात हवा का? मागणी दहा लाखांवर गेली आणि तो अमेरिकाभर लागला. लोकांचं मत न विचारता त्यांच्याकडून एक छोटी कृती करून घेतली, हे मला त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. आपल्यालाही हे करता येतं. कट दाखवल्यावर 'आवडला का' विचारू नका. 'हा कोणाला पाठवाल? आत्ता त्याला मेसेज करून पिक्चरला येतोस का विचाराल?' असं म्हणा, आणि खरंच मेसेज करतो का ते बघा. कट पाठवायचा नाही, फक्त बेत विचारायचा. जो मोबाईल काढतो त्याच्यासमोर एक खूण करा.

मग त्याला जाऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करा. "काल बघितलंत त्यातलं काय आठवतंय?" दुसरं काही नाही. या एका फोनसाठी मी बाकी सगळं सोडायला तयार आहे. बघताना पहिल्या कटवर लोक जास्त उडाले होते, आणि आमच्या निर्मात्याचा निर्णय तिथेच झाला होता. दुसऱ्या दिवशी भुताचा चेहरा बघितलेले सांगत होते, "ते शेवटी भूत येतं ना, चांगलं होतं." कसं होतं, ते सांगता येत नव्हतं. दुसरा कट बघितलेले मात्र गोष्ट सांगत होते: तो मुलगा, ती पायरी, आणि आई बोलायची थांबते. दोघींनी स्वतःच्या घरातली गोष्ट सांगायला सुरुवात केली. ट्रेलर आणि सिनेमा यांच्यामध्ये दोन-तीन आठवडे जातात. दचका तेवढा टिकत नाही.

आवाज आणि पहिली पाच सेकंदं

प्रत्येक कट मोबाईलच्या स्पीकरवर, हेडफोनवर आणि आवाज पूर्ण बंद करून, असा तिन्ही प्रकारे तपासा. स्टुडिओत छाती हलवणारा खालचा बास मोबाईलच्या स्पीकरवर जवळजवळ नाहीसा होतो. तुमचा ताण त्यावर उभा असेल तर बहुतेक प्रेक्षकांपर्यंत तो पोचणारच नाही. आमची आईची हाक मोबाईलवरही पोचली, कारण माणसाचा आवाज छोट्या स्पीकरला झेपतो. शांतताही झेपते, पण तिच्याआधी काहीतरी ऐकू येत असलं तरच.

ट्रेलर यूट्यूबवर जाहिरात म्हणून चालवणार असाल तर पाच सेकंदांनी 'स्किप'चं बटण येतं. म्हणजे बॅनरची नावं दाखवण्यात ती पाच सेकंदं घालवू नका. वेगवेगळ्या सुरुवाती पाच-पाच सेकंदांच्या कापून दाखवा आणि माणूस 'पुढे बघू का' असं कोणत्या सुरुवातीला पहिल्यांदा विचारतो, ते नोंदवा. हा कच्चा माल यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल असा ठेवून लोक कुठे सोडून जातात ती आलेख-रेघ बघता येते, पण वीस-तीस व्ह्यूजवर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉर बोर्डाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे सिनेमे) श्रेणीचे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग झालेत. कोणत्या सिनेमाच्या आधी आपला ट्रेलर लागावा असं वाटतं, हे आधी ठरवा. तुमचा चौथा गट कौटुंबिक मराठी सिनेमाला थिएटरात येतो. तिथे त्याला गाठायचं तर रक्ताचे शॉट त्या कटमध्ये नकोत.

एडिटरच्या हातात काय द्यायचं

चाळीस पानी अहवाल एडिटर वाचणार नाही. एक पान द्या. वरच्या अर्ध्यात: लोकांना आठवलेले तीन क्षण, त्यांच्याच शब्दांत. खालच्या अर्ध्यात: दाखवायचं नाही असं सगळं, कारणासकट. आमच्या पानाच्या खालच्या भागात भुताचा चेहरा होता, देवचाराच्या शॉटवरचं किंचाळतं संगीत होतं आणि 'सत्य घटनेवर आधारित' ही ओळ होती. कोणती घटना, असं तीन माणसांनी विचारलं आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. हे पान सुरुवातीला लिहिलेल्या पानाशेजारी ठेवायचं. वरच्या तीन क्षणांपैकी एखादा सिनेमाचा गाभा नसेल, तर तो कितीही आठवणीत राहिलेला असला तरी काढायचा.

शेवटचा कट तयार झाला की तो चौथ्या गटातल्या एका नव्या माणसाला दाखवा. आम्ही तो ठाण्याच्या एका काकूंना दाखवला. मुलं गेली तीन वर्षं त्यांच्या 'नको'मुळे भयपटाला जात नव्हती. त्यांनी पदर तोंडावर धरूनच पूर्ण बघितला, आणि मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "येईन मी. पण मला कडेची सीट नको, दोघांच्या मध्ये बसवा."